हवालदाराचं बस्कर

मळेवाडीच्या शाळेत माझ्या वर्गातला सगळ्यात थोराड विद्यार्थी पन्नाशी ओलांडलेला होता. त्याला झुबकेदार मिश्या होत्या, डोक्यावर पलटणीतली लोकरी टोपी असायची, आणि बाकीच्या पोरांसारखाच तोही घरून आणलेलं पोत्याचं बस्कर अंथरून जमिनीवर मांडी घालून बसायचा. रोज नाही हं. शाळेत कुणी नवं पोर आलं, की त्या एका दिवसापुरता. त्याचं नाव नाथाजी. पण गाव त्याला हवालदार म्हणायचं, आणि त्याची बायको चंद्राबाई सोडली तर त्याचा शब्द मोडणारं गावात कुणी नव्हतं.

मी औंधची. बहात्तर सालच्या जूनमध्ये माझी पहिली नेमणूक झाली ती या कृष्णाकाठच्या गावात. शाळा दोन खोल्यांची. पहिली ते तिसरी माझ्याकडे आणि चौथी मुख्याध्यापक नानासो गुरुजींकडे. गुरुजी फार नियमाचे. शाळेच्या कौलांवर कावळे बसले तर त्यांनीही ओळीत बसावं असं त्यांना वाटत असणार. मला त्यांनी पहिल्याच दिवशी खडूचे तुकडे कसे जपून ठेवायचे ते सांगितलं. हवालदाराबद्दल मात्र चकार शब्द सांगितला नाही.

त्यामुळे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या आठवड्यात माधवनगरहून एक मुलगी आली. बाप तिकडे गिरणीत कामाला, आई बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणून हिला तात्पुरती आमच्या शाळेत घातली. पोरगी दाराशीच उभी राहून भोकाड पसरून रडत होती. मी तिला गोड बोलून आत घेतेय, एवढ्यात हा मिशीवाला बाप्या तिच्या मागून आत शिरला, मोकळ्या जागेवर बस्कर टाकून बसला आणि मला म्हणाला, "हं, बाई. चालू करा."

मला घाम फुटला. हे कुणी वेशांतर करून आलेले तपासणी अधिकारी असावेत, नाहीतर गावातला वेडा असावा. दोन्ही प्रकारांबद्दल मला ट्रेनिंग कॉलेजात बजावून ठेवलं होतं. मी सातचा पाढा सुरू केला. हवालदार मोठ्या आवाजात आमच्याबरोबर म्हणू लागला, आणि सात अठ्ठे जवळ आलं तशी त्याची गाडी घसरली. त्यानं सरळ साठ म्हणून टाकलं. रडणारी पोरगी थबकली, डोळे पुसून म्हणाली, "छप्पन्न." मग तीच त्याच्या शेजारी बसून त्याला पुढचा पाढा सांगू लागली. मधल्या सुट्टीपर्यंत तिला दोन मैत्रिणी झाल्या होत्या आणि हवालदार बस्कर गुंडाळून घरी गेला होता.

नंतर मी त्याला फैलावर घेतलं. आधी सांगून यायला काय होतं? तो ओसरीच्या खांबाला टेकून शांतपणे म्हणाला, "आवं बाई, मी सतरा वर्साचा आसताना भरती झालो. छावनीत गेलो तर कोन काय बोलतंय कळंना. रोटी घशाखाली उतरंना. लय रडू यायचं. समदे आपापल्या टोळक्यात जेवाय बसायचे. एक दिवस एक गढवाली आपली थाळी घिऊन आला आनि माज्या शेजारी बसला. बोलला काय बी न्हाई. नुसता बसला. मला जेवान ग्वाड लागलं त्या दिवशी. तवापासनं मला एकच ठावं हाय. पैल्या दिवशी कुनीतरी शेजारी बसाय पायजे. बाकीचं मागनं हुतंय."

"आणि पाढा? तो मुद्दाम चुकलात?"

"न्हाई. त्यो मला खरंच येत न्हाई."

एवढ्यावर माझा राग गेला. खोटं कशाला सांगू, मीही त्या गावात नवखीच होते, आणि माझ्या शेजारी बसायला कुणीतरी आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्या साली पावसानं दगा दिला. आमच्याकडं नदी होती म्हणून निभावलं, पण पूर्वेकडे, माणदेशात, जनावरांना चघळायला काडी राहिली नाही. दिवाळी झाली तसे तिकडचे धनगर मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरू लागले. गावानं त्यांना नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. रात्री मेंढरं वावरात बसवली की लेंडीचं खत मिळतं, आणि त्या बदल्यात वावरवाला धनगराला धान्य देतो, हा रिवाज जुनाच. त्यामुळे मेंढरं सगळ्यांना हवी होती. मेंढरांबरोबर आलेली पोरं मात्र कुणी मोजतही नव्हतं.

आमच्या शाळेला लागून पाटलांचं पडीक वावर होतं. तिथं अर्जुना नावाच्या धनगराचा तळ पडला. तो, त्याची बायको, दोन भाऊ, त्यांची तीन चिल्लीपिल्ली, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारी त्याची आई बनाबाई. अर्जुनाची मुलगी हरणी आठ-नऊ वर्षांची. गावाकडं ती दुसरीपर्यंत शिकली होती. मग दुष्काळ आला आणि शाळा राहिली. दिवसभर ती तळावर जाळीच्या वाघरीत कोंडलेली कोकरं सांभाळायची, आणि माझ्या वर्गात कविता सुरू झाली की कुंपणाला येऊन उभी राहायची. मी बघितलं की पळून जायची.

हे हवालदारानंही बघितलं होतं. तो बनाबाईकडे गेला आणि नको नको म्हणताना मलाही ओढून घेऊन गेला.

बनाबाई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "पोरगी शाळंत घालू म्हनतोस? बरं. आनि कोकरं कोन बघनार? आया दिसभर चरायला जात्यात. कोकरांस्नी सावली पायजे, कुत्र्यापासनं राखाय पायजे. तू बघतोस?"

"बघतो की," हवालदार म्हणाला.

तो बोलून गेला आणि मग त्यानं वाघरीकडं पाहिलं. आत पंचवीसेक कोकरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती. त्याचा चेहरा पडला, पण शब्द तर गेला होता. बनाबाई मिश्किलपणे म्हणाली, "मग काय, उद्या घिऊन जा. पोरं बी आनि कोकरं बी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारातल्या कडुनिंबाखाली वाघर उभी राहिली. गुरुजींनी ती पाहिली आणि दोन वेळा चष्मा पुसला. चंद्राबाई पाण्याला जाताना थांबून म्हणाली, "पेन्शन सरकार देतंय, चाकरी मेंढरांची चाललीया." आणि निघून गेली. पण दुपारी नवऱ्याची भाकरी तिथंच कडुनिंबाखाली आणून दिली.

त्या पहिल्या दिवशी कोकरांपाशी चंद्राबाईच्या भाच्याला बसवून हवालदार वर्गात आला. त्याचं बस्कर मला आता ओळखीचं झालं होतं. चंद्राबाईनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ त्याला चारी बाजूंनी शिवला होता. ते त्यानं हरणीच्या शेजारी टाकलं. पाटलांची नात सुली पुढच्या रांगेत बसायची. तिनं नाक चिमटीत धरलं आणि हळूच "ब्यँ" केलं. मग मागून कुणी केलं, मग कोपऱ्यातून. मी छडी शोधतेय तोवर हवालदारानं छाती भरून घेतली आणि असं काही "ब्यँऽऽ" ठोकलं की कौलं हादरली. बाहेर कोकरांनी एकसाथ उत्तर दिलं. शेजारच्या खोलीतून गुरुजी धावत आले. वर्ग चिडीचूप झाला, आणि त्यानंतर माझ्या वर्गात "ब्यँ" करायची कुणाची छाती झाली नाही.

चिल्लीपिल्ली आठवड्याभरात रुळली. लहान पोरांना शाळेत मिळणारी सुकडी आणि शिवणापाण्याचा खेळ एवढं पुरतं. हरणी मात्र काही केल्या बोलेना. हजेरीला हात वर करायची, पण "हजर" म्हणायची नाही. पाटीवर गणित बरोबर सोडवायची आणि पाटी पालथी घालून ठेवायची. दाराजवळ बसायची, आणि तिचं निम्मं लक्ष कडुनिंबाखाली असायचं. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहायची. मी मुलांना सरकून बसायला सांगितलं की सरकायची, आणि मी फळ्याकडे वळले की पुन्हा होती तिथं. मला भारी चीड यायची. हवालदाराचा एका दिवसाचा उतारा हिला लागू पडला नव्हता.

त्यालाही ते टोचत होतं. "बाई, अर्जुना म्हनतोय पोरीला शाळा मानवत न्हाई, तर कशाला बसवायची? पुढच्या हप्त्यात पल्याडच्या गावाला तळ हालवायचं म्हनतोय." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. तळ हलला की हरणीची शाळा संपली, हे दोघांनाही कळत होतं.

त्यातच तपासणीची तारीख आली. गुरुजींनी भिंती सारवून घेतल्या, नकाशे झटकले आणि मग कडुनिंबाकडे बोट करून म्हणाले, "हवालदार, साहेब येणार आहेत. ही कोकरं निदान स्वच्छ तरी दिसू द्या."

आता हे वाक्य दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं जरा झाडून काढलं असतं. पण हे सांगितलं पलटणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला, आणि तपासणी हा शब्द उच्चारून. हवालदाराच्या अंगात वारं शिरलं. शेजारी एक गुऱ्हाळ चालू होतं. तिथल्या चुलाणावर त्यानं पाणी तापवून घेतलं, घरातून साबणाच्या वड्या आणल्या आणि दुपारभर एकेक कोकरू धरून त्याला चोळूनमोळून अंघोळ घातली. थंडी बाधू नये म्हणून चंद्राबाईच्या दोन लुगड्यांनी पुसून काढली. साडेचारला शाळा सुटली तेव्हा कडुनिंबाखाली पांढरीशुभ्र कोकरं ओळीनं उभी होती आणि साबणाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. गुरुजी प्रसन्न झाले. मीही "वा!" म्हणाले. एकटी हरणी दारात थिजून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, हिला बरं नाही.

ती काही बोलली नाही. बोलायची सवयच कुठं होती?

दिवस कलला, मेंढ्या चरून परत आल्या आणि तळावर एकच कल्लोळ उठला. मी आणि हवालदार धावलो. रोज काय व्हायचं, तर आया धावत यायच्या, ज्याची त्याची आई ज्याला त्याला हुंगायची आणि कोकरं ढुशा देत प्यायला लागायची. आज प्रत्येक मेंढी आपलं कोकरू हुंगून तोंड फिरवत होती. काही तर लाथा मारत होत्या. मेंढी आपलं लेकरू वासावर ओळखते, आणि तो वास हवालदारानं साबण लावून धुऊन टाकला होता. भुकेली कोकरं या आईकडून त्या आईकडे धावत होती, आणि आपल्या ओरडणाऱ्या लेकरांना शोधत मेंढ्या त्यांच्याच अंगावरून पुढे जात होत्या. ते बघवत नव्हतं.

अर्जुनानं हवालदारावर काठीच उगारली असती. पण तो नुसता म्हणाला, "जावा तुमी. परत हिकडं याचं न्हाई. ही कोकरं जगली की मी तळ हालीवतो. माजी पोरं बी शाळंत येनार न्हाईत." लढाईत दोन जखमा झालेला तो माणूस मान खाली घालून बांधावरून निघून गेला. मला त्याच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा भरली तेव्हा दारात चंद्राबाई उभी. "म्हातारा कालपास्नं जेवला न्हाई. बांधावर जाऊन बसलाय. मी तळावर जाऊन आले. तितं येकेक मेंढी धरायची, तिची धार काढून कोकराच्या अंगाला लावायची आनि जबरीनं पाजायचं, आसं करत्यात. पर मानसं कमी पडत्यात. रातभरात निम्मी बी पाजून झाली न्हाईत. तुमची पोरं द्या."

गुरुजी म्हणाले, "आज? अहो, साहेब येणार! मी शाळा मोकळी ठेवू?"

मला लहानपणापासून एक खोड आहे. कुणी नियम दाखवला की माझं डोकं तापतं. मी म्हटलं, "गुरुजी, चौथी तुमच्याकडं आहे, ती दाखवा साहेबांना. माझे तीन वर्ग परिसर अभ्यासाला निघालेत." आणि पोरांना ओळीत घेऊन मी चालू पडले. पाटलांच्या वावरात शिरतेय तोवर चौथीही खिडकीतून उड्या मारून आमच्या मागं आली. त्या पोरांना कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. मेंढ्या धरायला मिळणार म्हटल्यावर कोण थांबतंय?

तळावर पोचलो आणि घोळ आणखी वाढला. पोरं जी मेंढी हाती लागेल ती धरत होती आणि जे कोकरू दिसेल ते तिच्या पुढ्यात टाकत होती. बनाबाईचा घसा बसला होता. सुलीनं एक मेंढी मोठ्या शौर्यानं मिठीत पकडली होती आणि एका कोकराला तिच्याखाली ढकलत होती.

आणि तेवढ्यात एक खणखणीत आवाज आला.

"ए सुले! त्ये तिजं न्हवं! काळ्या कानाची हाय ती. तिला त्ये कपाळाला ठिपका आसल्यालं दे!"

मी वळून पाहिलं. हरणी होती. वाघरीच्या खुंट्याजवळ उभी राहून ती एकेकाला फर्मावत होती. "गन्या, शिंगं न्हाई धरायची, हनवटी धर. तू हिकडं यं. धार बोटावर घे, शेपटीला लाव, पाठीला लाव. तिला हुंगू दे. सोडू नगंस, आता पीतंय बघ त्ये!" दोन महिन्यांत जिच्या तोंडून मी "हजर" ऐकलं नव्हतं, ती पाऊणशे मेंढ्यांतली कुठली कुणाची आई हे धडाधड सांगत होती आणि माझी सगळी शाळा तिच्या तालावर नाचत होती. सुलीचं कोकरू प्यायला लागलं तशी सुली किंचाळली, "हरणे, बघ, पितंय गं, पितंय!" आणि हरणी हसली. तिला समोरचे दोन दात नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं.

माझे डोळे भरून आले. लपवलं नाही मी. मेंढ्यांच्या धुरळ्यात कोण बघतंय?

उन्हं तापेपर्यंत बहुतेक कोकरं प्याली. एक थोराड मेंढी तेवढी कुणाला दाद देईना. दोन पोरांना तिनं लोळवलं. बनाबाईनं कमरेवर हात ठेवून चौफेर पाहिलं, आणि तिला लांब बांधावर लोकरी टोपी दिसली.

"ए फौजी!" ती बसक्या आवाजात ओरडली. "तितं काय मुंज्यासारका बसलाईस? केलंस ते निस्तर की! ये, ही धर!"

हवालदार असा धावत आला की त्याची टोपी वाटेतच पडली. त्यानं मेंढीला दोन्ही हातांनी कवटाळलं, हरणीनं धार लावली, आणि कोकरू ढुशा देऊन पिऊ लागलं. अर्जुना शेजारी उभा होता. मग त्यानं ती टोपी उचलून आणली, झटकली आणि हवालदाराच्या डोक्यावर ठेवली.

साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. जीप बिघडली म्हणे. गुरुजी रिकाम्या शाळेत सारवलेल्या भिंतींकडे बघत संध्याकाळपर्यंत बसून होते.

कोकरांना जुना वास यायला चार-पाच दिवस गेले, आणि तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ पोरं तळावर जात राहिली. जो तो आपलं कोकरू म्हणून एकेकावर हक्क सांगू लागला. मग तळ हलवायचं कुणी बोललंच नाही. पाटलांचं वावर झालं की मेंढरं शेजारच्या वावरात, तिथून त्याच्या शेजारच्या. हवालदारानं घरोघर हिंडून असा बंदोबस्त केला की तळ शाळेच्या हाकेच्या टापूत राहिला. वर्गात हरणीच्या शेजारची जागा आता रोज भांडणाचं कारण झाली. एप्रिलमध्ये ती तिसरी पास झाली. हवालदारानं गावाला पेढे वाटायचे ठरवले होते, पण चंद्राबाईनं गूळ-खोबऱ्यावर भागवलं.

त्र्याहत्तरच्या जूनमध्ये माणदेशात पाऊस झाल्याची बातमी आली. धनगरांच्या पायांना मग कोण थांबवणार? घोड्यांवर बिऱ्हाड चढलं. हवालदार सकाळपासून तळावर होता. दोऱ्या आवळत होता, ज्या आवळलेल्या होत्या त्या सोडून पुन्हा आवळत होता.

"दिवाळीला परत येनार न्हवं?" त्यानं विचारलं.

"मेंढरं येतील," बनाबाई म्हणाली. "पोरीचं काय सांगू? तिकडं सोयरं मागं लागल्यात. लगीन करून टाका म्हनत्यात. मी न्हाई म्हनतीया, पर मी एकली किती तोंड दिऊ? बघू."

हवालदारानं पुढं वाद घातला नाही. तो घरी गेला आणि हिरव्या काठाचं बस्कर घेऊन आला. हरणीच्या हातात ते देऊन म्हणाला, "ह्ये दिलं न्हाई तुला. उसनं हाय. दिवाळीनंतर माजं मला परत आनून द्याचं. इसरायचं न्हाई."

हरणीनं मान हलवली. मग त्यांच्या घोड्या, कुत्री, चिल्लीपिल्ली सगळी पांदीनं दिसेनाशी झाली.

ते चार महिने हवालदाराचे कसे गेले ते चंद्राबाईला विचारावं. तो तिकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला पाऊसपाणी विचारायचा, आणि ज्या मुलीबद्दल विचारायचं तिचं नाव तेवढं घ्यायचा नाही. चंद्राबाईनं त्याला नवं बस्कर शिवून दिलं. तो म्हणाला, "कशाला? जुनं येनारच हाय." तिनं ते तरी खुंटीला अडकवून ठेवलं.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी मेंढरं नदीच्या उतारावर दिसली. हवालदार धावत गेला. अर्जुना होता, त्याचे भाऊ होते, मेंढरं होती. हरणी नव्हती. दुसऱ्या एका धनगराचा कळपही बरोबर होता, त्यातही ती नव्हती. राम राम झालं, पाऊसपाणी झालं, पण हवालदाराची विचारायची हिंमत होईना. अर्जुनाही प्रवासानं शिणला होता, आपण होऊन काही बोलला नाही. हवालदार परत येताना माझ्या ओसरीशी थांबला.

"बाई, पोरगी दिसली न्हाई."

"विचारलंत का?"

"काय इचारू? लगीन झालं म्हनला तर मी काय करनार हाय?" एवढं बोलून तो गेला. त्या रात्री मलाही जेवण गेलं नाही. बनाबाईवर मी मनातल्या मनात खूप चिडले. अर्जुनावर त्याहून जास्त.

सकाळी मला शाळेत जायला जरा उशीर झाला. फाटकाशी हवालदार भेटला. डोळे तांबारलेले, आणि काखेत नवं बस्कर. "दुसऱ्या कळपाची बारकी पोरं येतील आज," तो म्हणाला. "त्यांचा पैला दिवस हाय. बसाय पायजे." मला त्या माणसाचा एकदम उमाळा आला. आम्ही दोघं वर्गाच्या दाराशी आलो आणि हवालदार उंबऱ्यातच थांबला.

दाराजवळच्या जागेवर एक नवी, पाच-सहा वर्षांची पोरगी मुसमुसत बसली होती. तिच्या एका बाजूला सुली होती. आणि दुसऱ्या बाजूला हिरव्या काठाचं बस्कर अंथरलं होतं, त्यावर हरणी बसली होती. उंच झाली होती. समोरचे दात आले होते.

मग उलगडा झाला तो असा. मेंढरं वावरावावरांतून येतात, आणि बायका नि पोरं घोड्यांबरोबर सडकेनं पुढं जाऊन तळ लावतात. हे हवालदाराला मागच्या साली बघून पाठ होतं. पण आदल्या दिवशी काळजीनं त्याला एवढंही आठवलं नव्हतं. हरणी मेंढरांच्या आधी दोन तास गावाच्या दुसऱ्या टोकाला तळावर पोचली होती, आणि आज उजाडताच या पोरीचं बोट धरून शाळेत आली होती.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून गुरुजी आले. "हरणाबाई, तुम्ही आता चौथीत. तिकडं बसायचं." मग त्यांनी त्या मुसमुसणाऱ्या पोरीकडे पाहिलं, हिरव्या काठाकडे पाहिलं आणि उंबऱ्यात उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलं. चष्मा काढून ते म्हणाले, "आजचा दिवस राहू द्या." आणि निघून गेले.

हवालदार अजून काखेतलं बस्कर धरून उभाच होता. ते कुठं टाकावं ते त्याला कळत नव्हतं. हरणीनं मान वर केली.

"आबा, हितं जागा न्हाई," ती म्हणाली. "तुमी कोकरांकडं बघा. मी सांगितलंय आज्जीला, फौजीबाबा बघतील म्हनून. आनि आबा, न्हाऊ नगा घालू."

सगळा वर्ग हसला. नवी पोरगीही नाक ओढत हसली. हवालदार हसला की रडला ते मला सांगता येणार नाही. त्यानं टोपी काढून तोंडावरून फिरवली एवढं मी पाहिलं. मग तो तळावरून कोकरं कडुनिंबाखाली घेऊन आला, नवं बस्कर तिथं अंथरलं आणि शाळा सुटेपर्यंत कोकरांत बसून राहिला.

मी हजेरी घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी हरणीचं नाव माझ्या यादीत नव्हतं, तरी मी ते घेतलं, आणि तिनं "हजर" म्हटलं.